यशाची रोषणाई, सुखाची पणती

दीपावलीच्या शुभेच्छापत्रांवर तीन शब्द हमखास शेजारी शेजारी नांदताना दिसतात : सुख, समृद्धी आणि यश. छापणाऱ्याने ते एका ओळीत बसवले, पाठवणाऱ्याने ते न वाचता पाठवले आणि घेणाऱ्याने ते आरशाच्या कडेला खोचून ठेवले. आता पत्रे मागे पडली, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शुभेच्छांचा पाऊस पडतो. पण शब्द तेच, क्रमही तोच. आम्हां कीर्तनकारांचे पोट शब्दांवर चालते. म्हणून शब्दांची ही फुकटची सोयरीक आम्हांला जरा संशयास्पद वाटते. तिघे एका कुळातले आहेत काय? एकाच्या मागोमाग दुसरा घरात येतोच काय? आणि येत नसेल, तर कोणाला आधी बोलवावे?

आमच्या सणांची रचना ज्यांनी केली, त्यांनी हा प्रश्न दृष्टीआड केलेला नव्हता. धनत्रयोदशीचेच पाहा. एकाच सायंकाळी व्यापारी आपल्या तिजोरीची पूजा करतो आणि वैद्य धन्वंतरीची. धन आणि आरोग्य यांना एका तिथीस आणून बसवले. परंतु पूजेची ताटे दोन ठेवली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात याहून सूक्ष्म विवेचन आहे. तेथे आयुष्याचे चार प्रकार सांगितले आहेत : सुखायु, दुःखायु, हितायु आणि अहितायु. सुखायु कोणाचे? ज्याच्या देहाला वा मनाला रोग नाही, तारुण्य आहे, बळ आहे, कीर्ती आहे, विद्या आहे, धन आहे, जो हवे तेथे हिंडू शकतो आणि ज्याने हाती घेतलेले प्रत्येक कार्य तडीस जाते, त्याचे. आजच्या भाषेत ज्याला आपण यशस्वी माणूस म्हणतो, त्याचे हे हुबेहूब चित्र होय. हितायु मात्र वेगळ्याच माणसाचे असते. जो प्राणिमात्राचे भले चिंतितो, परक्याच्या धनावर डोळा ठेवीत नाही, खरे बोलतो, विचार करून पाऊल टाकतो, वडीलधाऱ्यांचा मान राखतो, त्याचे आयुष्य हितायु.

चरकाचार्यांनी सुखायूला नावे ठेवलेली नाहीत, हे ध्यानात घ्यावे. वैद्य होते ते. रोग्याला ताकद यावी, हातपाय चालावेत, घरात दाणागोटा असावा हेच त्यांना हवे होते. पण त्यांनी दोन्ही गोष्टी एका पुडीत बांधल्या नाहीत. चार खणांची पेटीच जणू समोर उघडून ठेवली. एखाद्याचे आयुष्य सुखाचे असून अहिताचे असू शकते. असे सावकार गावोगाव होऊन गेले. एखाद्याचे हिताचे असून दुःखाचे असू शकते. अशा माउल्या तर घरोघर होत्या. दिवाळीच्या शुभेच्छेत आपण मागतो ते सुखायु. हितायु मागणारे पत्र आमच्या पाहण्यात अजून आलेले नाही.

हा विचार मनात घोळू लागण्यास एक निमित्त घडले. भुसावळहून पूर्वेस वरणगाव, मुक्ताईनगरकडे निघाले म्हणजे थोड्याच अंतरावर दीपनगर लागते. नाव ऐकून परक्या माणसाला वाटावे, येथे एखादे पुरातन देवस्थान असेल, दीपमाळ असेल. दीपमाळेच्या जागी येथे आकाशात चढलेल्या चिमण्या आहेत. दगडी कोळसा जाळून वीज निर्माण करणारे हे केंद्र. १९७९ आणि १९८२ साली येथे प्रत्येकी २१० मेगावॉटचे संच चालू झाले, पुढे ५०० मेगावॉटचे दोन उभे राहिले. तापीच्या काठावरील या परिसरात केळीच्या बागा, राख वाहून नेणाऱ्या गाड्या आणि कर्मचाऱ्यांची वसाहत अशी त्रिविध सृष्टी एकत्र नांदते. वसाहतीतल्या मंदिरात सेवेसाठी आम्हांला बोलावणे होते. कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी पांगली. एक गृहस्थ मात्र थांबले. वीजकेंद्रात अभियंता असलेले, पन्नाशीच्या घरातले.

"बुवा, एक विचारू का?" ते म्हणाले. "मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्यासाठी दोन वर्षे आम्ही घरात दूरदर्शन लावला नाही, लग्नामुंजीला गेलो नाही. यादीत नाव आले त्या दिवशी अकरा किलो पेढे वाटले. आता ती सुट्टीला घरी येते आणि दार लावून पडून राहते. विचारले तर म्हणते, बाबा, काही वाटतच नाही. यश मिळाले ना तिला? मग सुख कुठे राहिले?"

त्यांच्या मागे आणखी एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या मुलाचे नाव त्याच यादीत आले नव्हते, असे मागाहून कळले. ते काही बोलले नाहीत, परंतु उत्तर ऐकण्यासाठी थांबले होते. एकाच प्रश्नाची ही दोन टोके मंदिराच्या एका पायरीवर उभी होती.

आम्ही त्यांना नारदांची कथा सांगितली. नारद हे आम्हां कीर्तनकारांचे आद्य आचार्य. ज्या गादीवर आम्ही उभे राहतो, तिला नारदांची गादीच म्हणतात. वीणा, चिपळ्या आणि मुखी नाम असे त्यांचे प्रसन्न रूप आबालवृद्धांस ठाऊक आहे. पण छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात जे नारद भेटतात, ते प्रसन्न नाहीत. ते सनत्कुमारांकडे शिष्य होऊन येतात. सनत्कुमार विचारतात, तुला काय काय येते ते आधी सांग. नारद यादी सांगू लागतात. चार वेद, इतिहासपुराण, व्याकरण, गणित, तर्क, नीती, नक्षत्रविद्या, युद्धविद्या, सर्पविद्या, गायनवादनादी कला! एखाद्या हुशार विद्यार्थ्याची गुणपत्रिकाच म्हणा ना. आणि ती संपवून ते म्हणतात की, महाराज, मला मंत्र येतात, पण मी स्वतःला ओळखत नाही आणि मी शोकात आहे. आपण मला पलीकडे न्यावे.

सर्व परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाने आपले दुःख उघडपणे बोलून दाखविल्याची याहून जुनी नोंद आमच्या वाचनात नाही. यावर सनत्कुमार काय करतात, ते पाहण्याजोगे आहे. तुला एवढे येते, मग रडतोस कशाला, असे ते म्हणत नाहीत. तुझी विद्या फुकट गेली, असेही म्हणत नाहीत. जे शिकलास ते नाम होय, त्याचीही उपासना कर, असे सांगून ते त्याला हाताला धरून एकेक पायरी वर नेतात : नामाहून वाणी, वाणीहून मन, असे करीत करीत शेवटी जे विशाल आहे, जे अमर्याद आहे, तेच सुख, अल्पात सुख नाही, या निर्णयापर्यंत. मधल्या पायऱ्यांकडे कोणी फारसे पाहत नाही. पण त्यांत एक मोठी मौज आहे. ज्ञानाच्या वरची पायरी बळाची आहे आणि बळाच्या वरची अन्नाची! दहा दिवस जेवला नाही, तर माणूस जिवंत राहिला तरी त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, समजत नाही, असे ऋषी स्पष्ट सांगतात. समाधानाचा उपदेश रिकाम्या पोटाला करू नये, हे उपनिषदानेच शिकविले आहे. खानदेशात ज्याच्या कापसाची बोंडे पावसाने काळी पडली, ज्याच्या केळीचे खांब वादळाने आडवे झाले, त्याच्यापुढे उभे राहून 'यशात काय आहे' असे कीर्तन करणाऱ्या बुवाला आम्ही तरी बुवा म्हणणार नाही. त्या शेतकऱ्याला पीक हाती लागणे हेच यश हवे आहे आणि ते त्याच्या हक्काचे आहे.

'सुख' या शब्दाचाही थोडा विचार करू. शब्दांच्या मुळाशी जाणे हे आमचे व्यसन आहे, वाचकांनी सोसावे. वेदवाङ्मयात हा शब्द पुष्कळदा रथाचे विशेषण म्हणून येतो. 'ख' म्हणजे पोकळी, छिद्र. चाकाच्या तुंब्यातले ज्या भोकातून आख जातो, ते. ते भोक नीट पाडलेले, मध्यावर आलेले असेल तर तो रथ 'सु-ख', असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. आमच्या पिढीने बैलगाडीतून प्रवास केला आहे. आखाला वंगण नसले, तुंब्याचे भोक झिजून वाकडे झाले, की गाडी कोसभर अंतरावरून कुरकुर ऐकवीत येई आणि आतल्या माणसाच्या मणक्यांचा हिशेब होई. बैल खिलारी असोत, गाडीवर रेशमी झूल असो, मुक्काम पंढरीचा असो. आख बिघडला तर सुख नाही. गाडी मुक्कामाला पोहोचली हे यश खरे. परंतु प्रवास कसा झाला हे आखावर अवलंबून. त्या अभियंत्यांना ही व्युत्पत्ती आमच्या साऱ्या निरूपणापेक्षा लवकर पटली. बेअरिंग गरम झाले तर संच बंद करावा लागतो, बुवा, असे ते चटकन बोलून गेले.

सुख मोजण्याची हौस आजकाल जगभर पसरली आहे. भूतानच्या राजांनी १९७० च्या दशकात, राष्ट्राच्या उत्पन्नापेक्षा राष्ट्राचे सुख महत्त्वाचे असे म्हटले आणि त्या छोट्या देशाने पुढे सुखाची मोजपट्टीही बनविली. २०१२ पासून जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होऊ लागला. त्यासाठी निरनिराळ्या देशांतील लोकांना एक प्रश्न विचारतात : शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा, सगळ्यांत वर तुमच्या दृष्टीने सर्वोत्तम जीवन, सगळ्यांत खाली निकृष्ट, आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? २०२४ च्या अहवालात १४३ देशांत भारताचा क्रमांक १२६ वा होता. फिनलंड हा थंडीने गारठलेला देश २०१८ पासून वर्षानुवर्षे पहिला येत राहिला. या आकड्यांवरून आपल्याकडे बरीच चिडचिड झाली. आम्हांला मात्र त्या शिडीची गंमत वाटली, कारण अशी एक शिडी आमच्या घरात फार पूर्वीपासून भिंतीला टेकून ठेवलेली आहे.

तैत्तिरीय उपनिषदात आनंदाची मीमांसा आहे. तिथे आधी मोजण्याचे एकक ठरवितात. एक तरुण घ्या. नुसता तरुण नव्हे, सज्जन तरुण, अध्ययन केलेला, दृढ, बलवान, आणि 'आशिष्ठ'. या शेवटच्या शब्दाचा अर्थ भाष्यकार उत्तम शासन करणारा असा करतात. पण 'अश्' म्हणजे खाणे या धातूवरून चांगली भूक असलेला असाही तो लावता येतो, आणि वरणबट्टीच्या पंगतीत बसले असता आम्हांला दुसरा अर्थच अधिक शास्त्रशुद्ध वाटतो. अशा तरुणाच्या पायाशी धनाने भरलेली सारी पृथ्वी ठेवा. त्याला जो आनंद होईल तो एक मानवी आनंद. याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, मग पितर, मग देवांचे निरनिराळे वर्ग, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि अखेरीस ब्रह्म. दर पायरीला शंभरने गुणायचे. पहिल्या पायरीनंतर मात्र प्रत्येक पायरीवर ऋषी एक पुस्ती जोडतात : हाच आनंद, ज्याला वेदज्ञान आहे आणि ज्याला वासनेने मारलेले नाही, अशा माणसालाही मिळतो. 'अकामहत' असा शब्द आहे. इच्छा नसलेला असे येथे म्हटलेले नाही. इच्छेने ज्याचा घात केला नाही, असा. इच्छा करावी, पण तिचा मार खाऊ नये.

अहवालातली शिडी आणि उपनिषदातली शिडी यांत फरक हाच. पहिलीवर चढणारा सतत वरच्या पायरीकडे आणि शेजाऱ्याच्या पायरीकडे पाहतो. दुसरीवर इंद्राच्या पायरीचा आनंद जमिनीवर उभ्या असलेल्या माणसालाही मोकळा आहे. तथापि त्या अहवालाला आम्ही हसत नाही. माणसाच्या उत्तराचे कारण शोधताना तो जे घटक तपासतो, त्यांत उत्पन्न आणि आरोग्य यांच्या जोडीला, अडचणीच्या वेळी हाक मारावी असे कोणी आहे काय, आणि तुम्ही दान करता काय, हेही प्रश्न आहेत. मोजणाऱ्यांनाही शेवटी दान आणि सोबत यांच्या दारी यावे लागले. २००५ साली अमेरिकेतील तीन मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ जुनी संशोधने एकत्र तपासून असे दाखविले की, यशाने माणूस सुखी होतो एवढेच खरे नसून, आधीच प्रसन्न असलेल्या माणसांच्या पदरी यश अधिक पडते. वसाहतीतल्या त्या घराने दोन वर्षे सणवार बंद ठेवून जे मिळविले, ते सण करूनही मिळाले असते, असा याचा अर्थ आम्ही लावला. तो त्या गृहस्थांना त्या रात्री सांगितला नाही. ज्याची मुलगी दार लावून पडली आहे त्याला असे ऐकविणे बरे नव्हे.

दीपनगरहून तसेच पुढे गेले की मुक्ताईनगर येते आणि तेथून जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे प्राचीन मंदिर. यशाचे पुढे काय होते, याची कथा आपल्या खानदेशात या संगमावर सांगितली जाते. चांगदेव चौदाशे वर्षे जगले, अशी आख्यायिका. मृत्यूला चौदा वेळा परत पाठविणे, याहून मोठे वैयक्तिक यश कोणते असावे? शिष्यांचा मेळा, सिद्धींचा दरबार, वाहनाला वाघ. आळंदीच्या भावंडांची कीर्ती कानी आली, तेव्हा त्यांनी पत्र लिहावयास घेतले आणि मायन्यालाच अडले. वयाने धाकटा म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावे, तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून चिमुकल्या मुक्ताईने म्हटले की चौदाशे वर्षे होऊनही हे कोरेच राहिले. कथा येथवर सर्वांना ठाऊक आहे आणि कीर्तनात येथे हमखास हशा येतो. पण आमच्या मते कथेचे मर्म हशानंतर आहे. त्या चांगदेवांनी त्या मुलीला गुरू केले. चौदाशे वर्षांच्या यशाचे ओझे एका लहान पोरीच्या पायाशी उतरवून ठेवताना त्या वृद्धाला जे हलके वाटले असेल, त्याला आम्ही सुख म्हणतो. शके १२१९ मध्ये मुक्ताई याच तापीतीरी विजेच्या लोळात गुप्त झाली. आज तिची पालखी येथून पंढरीस निघते ती साऱ्या मानाच्या पालख्यांत अतिशय लांबचा पल्ला चालून जाते. वीज निर्माण करणारे केंद्र आणि विजेत विलीन झालेली मुक्ताई एकाच रस्त्यावर असावीत, हा योगायोग आम्ही वसाहतीतील कीर्तनात सांगितला, तेव्हा मंडळी क्षणभर स्तब्ध झाली होती.

जवळच्या काळातले पाहू. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही भरलेले होते. कोणाची नोकरी गेलेली, कोणाचे शिक्षण सुटलेले, कोणाचे घरदार वाऱ्यावर. व्यवहाराच्या हिशेबाने सारे अपयशी. अशा मंडळींपुढे विनोबांनी त्या वर्षी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अशी अठरा प्रवचने दिली. ही 'गीता प्रवचने' पुढे अनेक भाषांत गेली. बोलणारे विनोबा कोण? १९१६ साली इंटरची परीक्षा द्यायला मुंबईस निघून, सुरतेलाच उतरून काशीस गेलेला विद्यार्थी! त्याआधी त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. (आमच्या बालवाचकांनी हा प्रयोग करू नये, प्रमाणपत्र जाळून कोणी विनोबा होत नाही.) आणि ती प्रवचने शब्दशः टिपून घेणारे साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील सहा वर्षांची शिक्षकाची नोकरी १९३० मध्ये सोडून ते चळवळीत उतरले होते. त्याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांसाठी उघडले. चरकाचार्यांच्या भाषेत बोलायचे तर हे आयुष्य नखशिखान्त हितायु.

पण ते सुखायु होते काय? देवधर्माच्या पानांवर या ठिकाणी लेखणी थांबविण्याची रीत आहे. आम्ही ती मोडतो. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचे जीवन स्वतःच संपविले. ज्याने गीता ऐकली, लिहिली, मुलांना माया दिली, ज्याच्या 'श्यामच्या आई'ने पिढ्यान् पिढ्या रडविल्या, त्याच्या आतला अंधार इतका दाट असू शकतो. भक्ती असली की मन आजारी पडत नाही, पोथी वाचली की खिन्नता पळते, असे आमचे काही बंधू व्यासपीठावरून सांगतात, तेव्हा आम्हांला गुरुजी आठवतात आणि राग येतो. इतरांचे हित करणाऱ्यालाही कोणीतरी विचारावे लागते की, बाबा रे, तू कसा आहेस? हित जगाला वाटले तरी स्वतःच्या वाट्याचे सुख आपोआप उरत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी आणून द्यावे लागते. नारदांना सनत्कुमार लाभले. सगळ्यांनाच लाभतात असे नाही.

म्हणून दीपनगरच्या त्या पित्याला आम्ही शेवटी उपनिषद बाजूला ठेवून सांगितले की, मुलीजवळ बसा. अभ्यासाचे विचारू नका. ती बोलली नाही तरी बसा. पंधरवडाभर असेच चालले तर मनाच्या डॉक्टरांकडे न्या. ज्वर आला तर वैद्याकडे नेता, तसेच. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ हा तिचा क्रमांक. तो लिहून दिला. मागे उभे असलेले दुसरे गृहस्थ पुढे झाले आणि त्यांनी तो क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतला. आम्ही काही विचारले नाही.

यशाने मान दिला नाही आणि तरी जीवन कोरे राहिले नाही, अशी एक माउली याच मातीत होऊन गेली. बहिणाबाई चौधरी, माहेर आसोदे, सासर जळगाव. १८८० चा जन्म. अक्षरओळख नाही. तिसाव्या वर्षी वैधव्य. शेत, जाते, चूल, मुले. ओव्या सुचत त्या कामाच्या लयीत, आणि पुत्र सोपानदेव व एक आप्त जमेल तशा टिपून ठेवीत. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. गाण्यांचे पुस्तक निघाले १९५२ साली, तेही आचार्य अत्र्यांनी ते बाड पाहून आग्रह धरला म्हणून. म्हणजे ज्याला आपण यश म्हणतो ते त्यांच्या दारी आले, तेव्हा दार उघडायला त्या घरात नव्हत्या. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्यांना सही करता येत नव्हती, त्यांच्या नावाची पदवी घेऊन दरसाल हजारो मुले बाहेर पडतात. पण त्यांची गाणी यश येण्याच्या आधीची आहेत. कोणी ऐकेल, छापेल, वाखाणील अशी अपेक्षा त्यांत कोठेही नाही. 'अकामहत' हा शब्द समजावून सांगताना आम्ही पूर्वी शुकाचे उदाहरण देत असू. हल्ली जात्यावर बसलेल्या बहिणाबाईंचे देतो, आणि समोरच्या आयाबाया शुकापेक्षा त्यांना लवकर ओळखतात.

त्यांचे दुःख गोड करून सांगावे, असा आमचा हेतू नाही. वैधव्य हे वैधव्यच. शाळेचे दार त्यांना बंद होते, ही समाजाची करणी; तिचे कौतुक करता येत नाही. आज त्यांच्या नातीपणती शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, हे यश कोणत्याही ओवीइतकेच मोलाचे आहे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण केरसुणीचीही पूजा करतो. अलक्ष्मीला घराबाहेर घालविण्याचे ते साधन. अलक्ष्मी म्हणजे दारिद्र्य, असे लहानपणी शिकविले गेले. वय वाढले तसे वाटू लागले की, पैशांनी भरलेल्या घरातही ती कोपऱ्यात बसलेली असते : तुलनेच्या रूपाने, 'शेजारच्याच्या मुलाला किती गुण पडले' या प्रश्नाच्या रूपाने. ती केरसुणी तिथवर पोहोचते की नाही, हे ज्याने त्याने पाहावे. आणि दुसऱ्याच दिवशी आपण बळीची पूजा करतो. तीन पावलांत ज्याचे सर्वस्व गेले, त्या हरलेल्या राजाच्या नावाने वर्षारंभाचा पाडवा! जिंकणाऱ्या वामनाचीही मूर्ती पुजली जाते. परंतु राज्य मात्र लोक बळीचे यावे म्हणतात. दिलेला शब्द मोडला नाही, एवढीच त्याची मिळकत, आणि ती अजून संपलेली नाही.

दीपनगरच्या त्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहिणी धर्मशास्त्र विचारायला आल्या. त्यांचे यजमान केंद्रात पाळीने काम करतात. सारा महाराष्ट्र ज्या रात्री दिवे लावतो, त्याच रात्री संचाजवळ माणसे जागी असावी लागतात. त्यामुळे अनेक वर्षे लक्ष्मीपूजनाला ते घरी नसतात. प्रदोषकाळी पूजा एकटीने उरकावी की ते परतल्यावर करावी, आणि उशीर झाल्यास दोष लागतो काय, असा त्यांचा प्रश्न. आम्ही सांगितले की, सायंकाळी मुहूर्तावर दिवा लावून लक्ष्मीला पाट मांडावा, मुलांकडून हळदकुंकू वाहवावे. फराळाचा नैवेद्य मात्र घरधनी रात्र जागून आले की सर्वांनी मिळून दाखवावा. ज्याने दुसऱ्यांच्या घरी उजेड पाठविला, त्याच्यासाठी देवी तेवढी थांबेल, दोष नाही.

त्या हसल्या. म्हणाल्या, "बुवा, आम्ही बारा वर्षे असंच करत आलो. लक्ष्मीलाही आता रातपाळीची सवय झाली असेल."